कोपऱ्यातलं तावदान

"हितून यायलंय."

मावशी कुणाच्याही घरी आल्या की आधी दाराच्या चौकटीपाशी थांबत. उजवा हात उलटा करीत आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा तो चौकटीच्या कडेनं वरून खाली हळूहळू नेत. मध्येच हात थांबे, डोळे बारीक होत. "हितून यायलंय, बगा." यायलंय म्हणजे वारं. त्यानंतर मग घरातल्या माणसाला 'बरं हाय ना' असं विचारायचं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला परक्या घरात शिरल्यावर माणसांच्या आधी भलतंच काहीतरी दिसतं. कुणाला भिंतीवरची कोळिष्टकं दिसतात, कुणाला उघडी राहिलेली डब्यांची झाकणं. मावशींना फटी दिसत.

निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. माझे यजमान पूर्णा जंक्शनवर तारबाबू होते आणि मी परभणीहून लग्न होऊन तिथल्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायला आले होते. मागच्या ओळीत मावशींचं घर. त्यांचे मालक इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे फिटरच्या हाताखालचे मदतनीस. माणसं मूळची पालमकडची, मेंढरं राखणारी. मावशींचा भाऊ अजून कळप घेऊन गावोगाव फिरायचा आणि दिवाळीनंतर पूर्णेच्या बाजूला आला की बहिणीकडे गाठोडंभर लोकर टाकून जायचा. बहिणीनं ती कातावी, घोंगड्यापुरतं सूत करावं, अशी त्याची कल्पना. बहीण ती सगळी लोकर लोकांच्या दारा-खिडक्यांत कोंबून मोकळी व्हायची.

ते काम त्या फार मन लावून करत. लोकर बोटांनी पिंजायची, तळहातावर तिचा पेळू वळायचा, फटीला लावायचा आणि जुन्या पळीच्या दांड्यानं आत दाबत न्यायचा. पुन्हा उलटा हात फिरवायचा. दाराखालच्या फटीला घोंगड्याची वळकटी. आमच्या खिडकीचं खालच्या कोपऱ्यातलं एक तावदान फुटलेलं होतं, तिथं त्यांनी घोंगड्याचा तुकडा असा बसवला की मूळची काचसुद्धा इतकी घट्ट बसली नसेल. नदीच्या अंगानं पौषात जे वारं येई ते अंगात सुया टोचत आत शिरायचं, पण मावशींचा हात फिरलेल्या खोलीत ते शिरत नसे. हे मात्र कबूल करायला हवं.

माझे यजमान त्यांची थट्टा करायचे. "मावशी घरी येऊन गेल्या की मला आपण पार्सल झाल्यासारखं वाटतं," ते म्हणायचे. "आता फक्त लाखेचं सील मारायचं राहिलंय."

मावशींना थट्टा कळायची नाही असं नाही, पण थट्टेला त्यांच्याकडे वेळ नसे. कारण मालगाडी. क्वार्टरं रुळांना लागून, त्यामुळं जड मालगाडी गेली की चौकटी हादरायच्या आणि कुठला तरी पेळू सैल होऊन खाली पडायचा. गाडीचा शेवटचा डबा दिसेनासा झाला की मावशी काखेत लोकरीचं गाठोडं मारून बाहेर पडायच्या आणि ज्या घरात तान्हं मूल असेल तिथून सुरुवात करायच्या. "गाडी गेली, बाई. जरा बगू द्या," म्हणत आत यायच्या. गाड्या काही थांबत नव्हत्या आणि मावशीही.

एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर आम्ही सगळ्या गेलो होतो. बायका ओळीनं सतरंजीवर बसल्या. मावशी खिडकीपाशी उभ्या. यजमानीणबाई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन त्यांच्यासमोर आल्या, तर मावशींचा उजवा हात खिडकीच्या बिजागरीवर. "साहेबीण बाई," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "लय मोठं घर हाय तुमचं. पर हितून यायलंय." बाईंचा चेहरा असा झाला की आम्ही पदर तोंडाला लावले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच गड्याला मावशींच्या दारात पाहिलं. तो लोकर मागायला आला होता.

जुनी माणसं सांगत की, पोलीस ॲक्शनच्या आधीच्या त्या धास्तीच्या दिवसांत सगळी वसाहत दिवे लागायच्या आत माणसांच्या भीतीनं दारं लावून बसायची. मावशी एकट्याच तेव्हाही वाऱ्याच्या भीतीनं लावत होत्या. पुढं ते दिवस सरले, लोकांनी दारं उघडली. मावशींची भीती तशीच राहिली.

ती कशाची, हे मला त्यांनी मला दिवस गेले होते त्या महिन्यांत सांगितलं. माझी आई लग्नाआधीच वारली होती, त्यामुळं बाळंतपणाला माहेर नव्हतं. हे कळल्यावर मावशींनी मला विचारलंसुद्धा नाही. "म्या हाय की," म्हणाल्या आणि आमच्या अंगणाकडच्या खोलीच्या खिडकीपाशी जाऊन बसल्या. पेळू वळता वळता बोलायला लागल्या.

"आमाला कवाड म्हंजे काय ते ठावंच न्हवतं, बाई. मेंढरं ज्याच्या शेतात बसवायची तितंच आमी बसायचं. वर आभाळ. माझं पयलं पोरगं असंच पुसात झालं. गोदेच्या काठाला व्हतो. त्याची छाती भरली. म्या त्याला पोटाशी धरलं आन् जिकडून वारं आलं तिकडं पाठ केली. पर वारं काय एकीकडून येतंय व्हय? म्या दिसभर फिरत ऱ्हायले त्याला घेऊन, आशी गोल गोल."

त्यांनी पेळू फटीत घातला, दांड्यानं दाबला.

"कवाड असतं तर लावलं असतं की."

त्यानंतर त्यांना मूल झालं नाही. मालकांना रेल्वेत काम लागलं, क्वार्टर मिळालं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हाताला दार आलं. मला त्या दिवशी फार रडू आलं. मावशी मात्र उलटा हात फिरवत वर छताजवळच्या झरोक्याकडे बघत होत्या. "त्यो बी बुजवाय पायजे," त्या म्हणाल्या.

माझी मुलगी पौषातच झाली. सुईण आपलं काम करून गेली आणि खोली मावशींच्या ताब्यात आली. त्या पंधरवड्यात थंडी अशी पडली की सकाळी घागरीतलं पाणी हाताला सोसवत नव्हतं. मावशी स्टुलावर चढल्या आणि झरोक्यात लोकर भरू लागल्या. यजमान दारातून म्हणाले, "अहो मावशी, तेवढं तरी राहू द्या."

"तितूनच तर यायलंय, बाबू," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज थरथरत होता. तान्ह्या लेकीचा बाप हवेच्या बाजूनं किती बोलणार?

आता शेगडीचं सांगते. इंजिनांतून पडलेला अर्धा जळका दगडी कोळसा वसाहतीत सगळेच वापरायचे. मावशींचे मालक चांगला निवडून आणत. मावशी शेगडी अंगणात पेटवायच्या, धूर पूर्ण जाऊ द्यायच्या, कोळसा लाल फुलला की मगच ती आत माझ्या बाजेपाशी आणून ठेवायच्या. "धूर लेकराला वाईट," त्या म्हणायच्या. "धूर गेल्याबिगर आत आणायची न्हाई." एवढी काळजी त्या घेत होत्या. अर्धा जन्म त्यांनी विस्तव पाहिला तो उघड्या रानात, वर सगळं आभाळ असताना. विस्तवात वाईट असतो तो धूर, एवढंच त्यांना ठाऊक. आणि धूर तर त्यांनी बाहेर सोडलेला होता.

त्या खोलीत इतकी ऊब होती की मला माझी आई आठवायची. डोकं मात्र दुखत असे. बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मुलगी सारखी झोपायची, न्हाऊन झाल्यावर भुकेला रडेल तेवढंच, तर बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "गुणाची आहे हो पोर." हे वाक्य आज कुणाच्या तोंडून ऐकलं की मी आधी त्या पोराला हलवून जागं करते.

एके दिवशी सकाळी मुलीला न्हाऊमाखू घालून मावशींनी तिला माझ्या कुशीत दिलं. गारठा जास्त म्हणून शेगडीत कोळसा चढता भरला होता. मला पांघरूण घातलं, दार ओढून घेतलं आणि बाहेरून दाराच्या कडांनाही लोकर दाबली. मग त्या दाराबाहेर ओट्यावर लोकर पिंजत बसल्या. यजमान ड्यूटीवर गेलेले.

मला लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली. शेगडीतले कोळसे एकाचे दोन दिसायला लागले. मुलीला पाजायला घ्यावं असं मनात आलं, पण हात उचलेना. त्यात भीती अशी काही वाटत नव्हती. आपण बोलावं एवढं वाटत होतं आणि जीभ हलत नव्हती. बाहेरचं सगळं मात्र स्पष्ट ऐकू येत होतं.

"बाई," मावशींचा आवाज आला. "पोरगी रडंना का?"

मी काही बोलू शकले नाही.

"न्हाऊन झालं की रडतीया ती रोज. भुकंला. आज का रडंना?"

मग दाराच्या फळीवरून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. त्यांचा उलटा हात होता तो. दाराच्या कडेनं वरून खाली, पुन्हा खालून वर. दार उघडावं तर वारं आत येणार, न उघडावं तर आत पोर रडत नाही. त्या दाराच्या पलीकडे उभ्या होत्या, आणि माझ्या लेकीचा जीव त्या एका फळीवर येऊन थांबला होता. त्यांनी तिथं किती वेळ घालवला ते मला सांगता येणार नाही. थोडाच असेल.

मग त्यांनी खांदा मारला. लोकरीनं घट्ट बसलेलं दार पहिल्यांदा हललं नाही. त्यांनी पुन्हा मारला. दार उघडलं, गार वाऱ्याचा झोत माझ्या तोंडावर आला आणि मावशी आत आल्या. मुलीला उचललं. तिची मान लुळी पडली होती. मावशींच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही.

त्या तिला घेऊन अंगणात धावल्या. मी बाजेवरून खाली पडले आणि सरपटत उंबऱ्यापर्यंत आले. तिथून मला जे दिसलं ते तुम्हालाही दिसावं म्हणून मी हे सगळं लिहिते आहे. जी बाई तान्ह्या मुलाच्या अंगावर वाऱ्याची झुळूक येऊ देत नव्हती, ती नदीकडे तोंड करून उभी होती. मुलीचं दुपटं, टोपडं, सगळं तिनं काढून टाकलं होतं. दोन्ही हातांत तो उघडा जीव वाऱ्याच्या समोर धरला होता आणि ओरडत होती, "घे माय, वारं घे. घे की गं. घे, वारं घे!"

वारं वाहत होतं. मुलगी हलत नव्हती. मावशी जिकडून वारं येईल तिकडं वळत होत्या, गोल गोल, तिला पुढं धरून. मग मुलीनं एक उचकी दिली आणि बारीक आवाजात रडायला लागली. मावशी होत्या तिथं मातीत बसल्या.

बायका धावून आल्या. रेल्वेच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी मुलीला तपासलं, मला तपासलं, मग खोलीत जाऊन खिडकी पाहिली, झरोका पाहिला. "खोली फार पक्की बंद केली होती," ते म्हणाले. "कुणी केली?"

बायकांमागून मावशी पुढं आल्या.

"म्या," मावशी म्हणाल्या.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सांगितलं की बंद खोलीत कोळसा नुसता फुललेला असला तरी हवा विषारी होते. तिला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो. मावशी ऐकत होत्या. "धूर न्हवता, डागदर साहेब," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "म्या धूर जाऊ दिल्ता. समदा जाऊ दिल्ता."

यजमान ड्यूटी सोडून आले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मावशी," ते म्हणाले, "तुम्ही काही दिवस आमच्याकडे येऊ नका." मावशींनी मान हलवली. लोकरीचं गाठोडं उचललं आणि गेल्या. मला यजमानांचा राग आला, आणि तो करायचा हक्क मला आहे का तेही कळेना. बापाचं काळीज होतं ते.

त्यानंतर मावशी वसाहतीतल्या एकेका घरी गेल्या आणि आपणच भरलेली लोकर काढू लागल्या. भर थंडीत. "मावशी, राहू द्या हो, काकडून मरू आम्ही," बायका म्हणायच्या. मावशी ऐकायच्या नाहीत. ज्या पळीच्या दांड्यानं पेळू आत घातले, त्याच दांड्यानं बाहेर ओढायच्या. पण त्यांनाही घरोघरची कुडकुडणारी पोरं बघवेनात. थोड्या दिवसांनी त्यांनी पुन्हा लोकर भरायला घेतली. फक्त आता प्रत्येक घरात एक फट त्या सोडायच्या, पलंगापासून लांबची, आणि घरच्या बाईला तिथं हात लावायला सांगायच्या. "हितून यीऊ द्यायचं. हे बुजवायचं न्हाई. शेगडी बी आत न्हाई." लोकांनी याचीही थट्टा केली. वाऱ्याची वैरीण आता वाऱ्याला वाट करून देते, म्हणाले. मावशी आता दोन्ही गोष्टींना भीत होत्या. वारं आत येण्याला आणि न येण्याला.

आमच्याकडे मात्र त्या आल्या नाहीत. बारशाला अंगणाच्या टोकाशी उभ्या राहिल्या, मी हात केला तशा निघून गेल्या.

मग एका सकाळी मी मुलीला घेऊन बसले होते, तर खिडकीच्या कोपऱ्यातल्या त्या फुटक्या तावदानातला घोंगड्याचा तुकडा हलला. कुणीतरी तो बाहेरून ओढून काढला. त्या चौकोनातून चार बोटं आत आली आणि आतली हवा चाचपल्यासारखी हलली.

"उगडं हाय ना?" बाहेरून आवाज आला.

"आहे, मावशी."

"पोरगी?"

"पाजते आहे."

बोटं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. तेवढंच बोलणं. एकदा मी उठले आणि मुलीचं पाऊल त्या बोटांना टेकवलं. बोटं तिथंच थांबली. बाहेर कुणी नाक ओढल्याचा आवाज आला.

यजमान मागे उभे होते, मला ते माहीत नव्हतं. पुढं रेल्वेचा मिस्त्री खिडक्यांना नव्या काचा बसवायला आला, तेव्हा तेच त्याला म्हणाले, "त्या कोपऱ्यातलं एक राहू दे."

मिस्त्री म्हणाला, "साहेब, थंडी येईल."

"येऊ दे," यजमान म्हणाले.

मी मावशींना कितीदा आत बोलावलं, यजमानांनीही बोलावलं. "येते की," म्हणायच्या आणि यायच्या नाहीत. पण थंडीत सकाळची त्यांची बोटं चुकली नाहीत. मुलगी मोठी होऊ लागली. खिडकीखाली आमची लोखंडी ट्रंक होती, तिच्यावर चढून ती वाट बघत उभी राहायची आणि बोटं आत आली की पकडायची. मावशी "चोर धरला, चोर धरला" म्हणायच्या. ही खिदळायची. तिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. खिडकीतून रोज सकाळी एक हात येतो, एवढंच तिला माहीत. तिच्या मते तो सगळ्यांच्याच घरी येत असणार.

मावशींच्या मालकांची नोकरी संपली, तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं. त्या पालमकडे भावाच्या बिऱ्हाडात निघाल्या. म्हणजे पुन्हा मेंढरांमागं, पुन्हा उघड्यावर. ऐन पौष होता. मी स्टेशनवर गेले. मला इतकी काळजी वाटत होती की दुसरं काही बोलायला सुचेना.

"मावशी, तिकडं दार नाही हो. तुम्हाला वारं लागेल."

मावशी हसल्या. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं. "मला काय लागतंय आता, बाई? लागायचं त्याला लागलं." मग गाडीच्या पायरीवरून मागे वळून म्हणाल्या, "ते कोपऱ्यातलं उगडं ठिवा."

त्यानंतर त्यांची काही खबर आली नाही. मी मात्र आजही कुणाच्या घरी गेले की आधी दाराच्या चौकटीकडे बघते, आणि पौष लागला की रानात कुठं मेंढरं बसली असतील ते मनात येतं. काळजी ही लागण होणारी गोष्ट असावी.

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी ट्रंकेवर चढून तावदानापाशी उभी राहिली. हात वर करून. मी तिला म्हटलं, "अगं, मावशी गावाला गेल्या." ती हलली नाही. पुढच्या दिवशीही तशीच उभी. मला ते बघवेना. मी चुलीपुढून उठले, मागच्या दारानं बाहेर गेले, घराला वळसा घालून खिडकीपाशी आले आणि न बोलता चार बोटं आत घातली.

तिनं पटकन पकडली. मग तिचे हात सैल झाले.

"ही मावशी न्हाई," ती आतून म्हणाली. "मावशीचा हात गार असतो."